मेंदूच घ्यायलाच हवा का?

अनेक आशीर्वाद.

पीएचडीला मेंदूचे ऑर्गनॉइड (मूळ पेशींपासून डिशमध्ये वाढवलेले अवयवाचे चिमुकले नमुने) घ्यायचे, असं तुझं जवळपास ठरलेलं दिसतंय. फोटो देखणे येतात, मान्य. पण फॉर्म भरण्याआधी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचं सिस्टिक फायब्रोसिसवरचं (फुफ्फुसांत, आतड्यांत घट्ट चिकट स्राव साठवणारा आनुवंशिक आजार) काम वाच.

हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकेका मूळ पेशीपासून चिमुकलं आतडं वाढवलं, ते २००९ साली. २०१३मध्ये उट्रेख्टमध्येच रुग्णांच्या गुदाशयाच्या बायोप्सीतून ऑर्गनॉइड वाढवून त्यांत फोर्स्कोलिन घातलं गेलं. (कोलियस या वनस्पतीच्या मुळांतलं हे द्रव्य शोधण्यात मुंबईच्या हेक्स्ट औषध कंपनीतल्या संशोधकांचा मोठा वाटा होता, आपल्याकडे कुणी सांगत नाही.) फोर्स्कोलिनमुळे पेशीच्या आवरणातली सीएफटीआर ही वाहिनी उघडते, पोकळीत क्लोराइड आणि पाठोपाठ पाणी शिरतं, ऑर्गनॉइड टम्म फुगतो. रुग्णाची वाहिनीच बिघडलेली, त्यामुळे त्याचा जेमतेम फुगतो किंवा फुगतच नाही. मग औषध घालून बघायचं. फुगला, तर त्या माणसाला ते लागू पडण्याची आशा धरता येते. ज्यांचं उत्परिवर्तन (जनुकातला बदल) इतकं दुर्मीळ की क्लिनिकल ट्रायलपुरते रुग्णच जमत नाहीत, त्यांना याचा खरा आधार. युरोपात सर्रास दिसणारं एफ५०८डेल हे उत्परिवर्तन भारतात तुलनेने कमी आढळतं, तेव्हा आपल्यालाही याची गरज आहेच.

हे जमलं, कारण बिघाड त्याच पेशींत होता आणि उत्तर मोजता येत होतं. मेंदूच्या ऑर्गनॉइडला सहसा रक्तवाहिन्या नसतात, मोठा झाला की आतला गाभा मरतो, एक खेप दुसरीशी जुळत नाही. व्हिएन्नात लँकेस्टर आणि क्नोब्लिख यांनी त्यातून मायक्रोसेफलीचा (मेंदू नेहमीपेक्षा लहान राहण्याचा विकार) अभ्यास केला, तोही २०१३मध्येच. पण तो मेंदू घडतानाचाच दोष. तुला हवाय अल्झायमर. तो बहुतेकांना उतारवयात होतो आणि तुझ्या डिशमधल्या पेशी असतील गर्भातल्या मेंदूसारख्या. जमणारच नाही असं नाही, पण प्रश्न फार नेमका हवा.

आकडेवारीत एक पथ्य पाळ. एका रुग्णाचे दोनशे ऑर्गनॉइड मोजलेस तरी नमुना एकच. परीक्षक तिथेच पकडतात, आणि बरोबरच करतात.

संमतीपत्राचं काम मात्र शेवटावर ढकलू नकोस. या पेशी गोठवून वर्षानुवर्षं टिकतात, दुसऱ्या प्रयोगशाळेत जातात, कधी कंपनीकडेही. बायोप्सी देणाऱ्याला हे सगळं सोप्या मराठीत कळायला हवं. तो मसुदा आधी पाठव. प्रयोगाचा आराखडा त्यानंतर बघू.