कधी न भेटलेला कलाकार गेला तर जिवाला इतकं का लागतं?

आवडते गायक गेले, चार दिवस घास गोड लागत नाही, घरचे म्हणतात ‘तुझे कोण लागत होते ते?’, आणि मोबाईलवर स्टेटस ठेवून मन भरत नाही, मग करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापूरचा. मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटांवर आमची तालीम आहे. तिच्या दारातला काळा फलक गेली बावीस वर्षं मी लिहितो. गल्लीतलं कोणी गेलं तर रक्षाविसर्जनाची वेळ, पाणी येणार नसेल तर ती सूचना, आणि एखादा कलाकार गेला की ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दर वेळी हातात खडू असताना पडतो.

‘कोण लागत होते’ याचं उत्तर मला माझ्यापुरतं सापडलंय. माझा सख्खा चुलता वर्षातून दोनदा घरी यायचा, जोतिबाच्या यात्रेला आणि दिवाळीला. लताबाईंचा आवाज रोज यायचा. आई स्टोव्हला पंप मारायची तेव्हा सांगली आकाशवाणी लागलेली असायची. वडील गेले त्या वर्षी आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं, रेडिओ तेवढा चालू होता. असा माणूस गेला की ते स्वयंपाकघर, तो रॉकेलचा वास, आईची पाठमोरी आकृती, सगळं एकदम वर येतं. त्यासाठी रडू आलं तर येऊ द्या. घरच्यांशी वाद घालू नका.

फेब्रुवारी २०२२ मी विसरणार नाही. दोन तारखेला रमेश देव गेले. कोल्हापुरात वाढलेला माणूस, आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्यांना त्यांचा केवढा अभिमान. तो फलक अजून पुसलाही नव्हता आणि सहा तारखेला, रविवारी सकाळी, लताबाई गेल्याची बातमी आली. मी बादली आणि फडकं घेऊन खाली उतरलो. फलक ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्यावा लागतो. मग खडूची भुकटी लावलेली सुतळी ताणून टिचकी मारायची, म्हणजे ओळी सरळ उमटतात. खडू पाण्यात बुडवून लिहिलं तर अक्षर आधी दिसतच नाही, वाळेल तसं पांढरंशुभ्र होत वर येतं. त्या दिवशी ‘लता मंगेशकर, १९२९–२०२२’ असं हळूहळू उमटताना मी समोर उभा राहून बघितलं, आणि तेव्हा कुठं मला ते खरं वाटलं.

तेवढ्यात मंडईकडे निघालेल्या एक भाजीवाल्या आजी थांबल्या. त्यांना वाचता येत नाही. ‘कोण गेलं रं?’ म्हणाल्या. सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘माझ्या वरातीत ब्यांडवाल्यानं ऐरणीचं गाणं वाजिवलं हुतं. लाव की.’ शेजारच्या चहाच्या गाड्यावरच्या पोरानं मोबाईलवर ‘ऐरणीच्या देवा तुला’ लावलं. ते ‘साधी माणसं’मधलं, १९६५ सालचं. चित्रपट भालजी पेंढारकरांचा, शब्द आमच्या जगदीश खेबुडकरांचे, आणि संगीतकार म्हणून नाव आहे ‘आनंदघन’. आनंदघन म्हणजे लताबाईच, हे गाड्यावर चहा प्यायला थांबलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. वडील दीनानाथ गेल्यावर त्या मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत कामाला लागल्या आणि १९४५ साली मुंबईला जाण्याआधी हे कुटुंब काही काळ कोल्हापुरातच राहिलं, हेही मी सांगितलं. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल नवं काही कळलं की ते जास्तच लागतं, पण बरंही वाटतं. अर्धा तास तिथं दहा-बारा माणसं उभी होती. कोणी भाषण केलं नाही.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुम्ही मोबाईलचा विषय काढलाय. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी सगळीकडे फिरली. मी रात्रीच फलक लिहून मोकळा झालो. सकाळी कळलं की घरच्यांनी सांगितलंय, ते अजून आहेत, उपचार चालू आहेत. मी धावत जाऊन फलक पुसला. जिवंत माणसाला मी श्रद्धांजली वाहिली होती, आणि कुठल्यातरी दवाखान्यात त्यांची माणसं आशेवर बसली होती. २६ तारखेला ते खरंच गेले, तेव्हा लिहिताना हात उचलेना. तेव्हापासून घरच्यांनी सांगितल्याशिवाय मी खडू हातात घेत नाही. १५ डिसेंबर २०२४च्या रात्री झाकीर हुसेन यांच्या वेळी पुन्हा तोच गोंधळ झाला, आधी बातमी, मग इन्कार. पोरं मागे लागली होती, ‘लिहा की, सगळ्यांनी टाकलंय.’ मी थांबलो. सकाळी कुटुंबानं कळवलं, मगच लिहिलं. तुम्हीही थांबत जा. श्रद्धांजलीला दोन तासांचा उशीर झाला तर काही बिघडत नाही.

मग करायचं काय? मला विचाराल तर एकट्यानं ऐकू नका. दोन माणसं बोलवा, एकच गाणं घ्या, ते मध्ये न तोडता पूर्ण ऐका, आणि कवी-संगीतकाराचं नाव मोठ्यानं घ्या. ते गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलं, तेव्हा कोण सोबत होतं, हे एका वहीत लिहून ठेवा. माझ्याकडे अशी वही आहे, आणि तिच्यात गायकांपेक्षा माझ्या आईबद्दलच जास्त लिहिलं गेलंय.

झाकीरभाई गेले त्या सोमवारी माझा तबला शिकणारा भाचा क्लासला जायला तयार नव्हता. त्याच्या गुरुजींनी सगळ्या पोरांना बसवलं आणि अर्धा तास नुसता तीनतालाचा ठेका वाजवून घेतला, साध्या लयीत, एकही तुकडा नाही, तिहाई नाही. पोरगा घरी आला तेव्हा त्याची बोटं दुखत होती आणि चेहरा शांत होता.

त्याच दिवशी सकाळी त्या आजी परत फलकासमोर थांबल्या. हल्ली मीच त्यांना वाचून दाखवतो. ‘ह्यांचं कुठलं गाणं?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘गाणं न्हाई आजी, तबला वाजवायचे.’

‘मग तबला लाव की,’ म्हणाल्या, आणि डोक्यावरची पाटी उतरवून कट्ट्यावर बसल्या.