बाईकला नवी बॅटरी टाकली तरी सेल्फ नुसता टिकटिक करतो, इंडिकेटर लावला की हेडलाइट मिणमिणतो. मेकॅनिक आता मॅग्नेटची कॉइल बदला म्हणतोय. बदलू का?

नका बदलू. आज तरी नका. ही कॉइल म्हणजे इंजिन फिरताना वीज बनवणारी, ती तपासल्याशिवाय बदलायची नाही. बॅटरी टाकण्याआधी त्यानं व्होल्ट मोजायचा मीटर लावला होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे लावला नसणार.

"बदलून बघू" ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आमचे दाजी. राहायला धायरीत, कामाला हिंजवडीत, त्यामुळे बाईकशिवाय पान हलत नाही. ऐन पावसाळ्यात वारज्याच्या पुलापाशी गाडी बंद पडली. सेल्फ मुका, हॉर्न घोगरा. नेहमीच्या फिटरनं बॅटरी बदलली. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. मग रेग्युलेटर (कॉइलची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा डबा) बदलला. तरी तेच. शेवटी तो म्हणाला, कॉइल गेली, साइड कव्हर खोलावं लागेल, पॅकिंगचे वेगळे, ऑइलचे वेगळे. दाजी त्यालाही तयार! ताईनं गुपचूप मला फोन केला म्हणून मी मीटर घेऊन गेलो. तापकीर गल्लीतला साधा डिजिटल मीटर, काही भारी नाही. दाजी म्हणाले, "अरे, त्याचं आयुष्य गेलं गाड्या खोलण्यात, तुझ्या ह्या खेळण्याला काय कळणार?"

बॅटरी रात्रभर चार्जरवर होती, गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट दाखवत होती. म्हणजे ठीक. गाडी चालू करून चार-पाच हजार आरपीएमला धरली, तरी बॅटरीच्या टोकांवर जेमतेम 12.8. तिथे 14 च्या आसपास हवं. चार्जिंग होत नाही, इथपर्यंत फिटर बरोबर होता. पण चार्जिंग तयारच होत नाही, की तयार होऊन पोचत नाही? हे त्यानं बघितलंच नव्हतं. मी रेग्युलेटरच्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये) मागच्या बाजूनं मीटरच्या पिना सारल्या, तर तिथे 14.4! म्हणजे कॉइल ठणठणीत, रेग्युलेटरही ठणठणीत. जुनाही ठणठणीतच असणार, तो राहिला फिटरकडे.

मग मधले दीड-पावणेदोन व्होल्ट खातंय कोण? बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीवरून हात फिरवत गेलो, तर सीटखाली काळ्या टेपचा गोळा लागला. टेप सोडवली, आतून पाणी ठिबकलं. कपलरमधली एक पिन हिरवीगार, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, पिनेला नख लावलं तर पावडर हातात. आणि तिथेच वायर सोलून, नुसता पीळ मारून दोन एलईडी फॉग लॅम्प जोडलेले. ना रिले (जास्त करंट झेलणारा स्विच), ना फ्यूज. दाजींची हौस! हिशोब सोपा आहे: पाच अँपिअर वाहतायत आणि दीड व्होल्ट तिथेच जातोय, तर साडेसात वॉटची उष्णता त्या एवढ्याशा पिनेत. प्लास्टिक वितळणार नाही तर काय होईल? नाना पेठेतून कपलर आणला, नीट क्रिम्प केला, फॉग लॅम्पला रिले-फ्यूज लावून थेट बॅटरीवरून लाइन दिली. बॅटरीवर 14.2.

दाजी आजही लग्नकार्यात सांगतात की रेग्युलेटर बदलला म्हणूनच गाडी सुधारली, "नवा रेग्युलेटर सेट व्हायला वेळ लागतो." रेग्युलेटर सेट होत नसतो, दाजी.

असो. तुमच्या गाडीचं. इंडिकेटरच्या ठेक्यावर हेडलाइट मिणमिणतो आणि सेल्फही टिकटिक करतो, तर मला संशय अर्थिंगचा आहे, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीला जाणाऱ्या वायरीचा. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन इंजिनच्या रंग नसलेल्या बोल्टवर, आणि सेल्फ दाबा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगची वायर किंवा तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) खराब. बोल्ट काढा, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा. असंच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फ मोटरच्या नटापर्यंत बघा. खुद्द बॅटरी सेल्फ दाबताना 10 च्या खाली बसत असेल तर ती उतरलेली आहे. 12 वर टिकून राहते आणि तरी टिकटिक होते, तर रिले किंवा जोड बघा.

कॉइल तर कव्हर न खोलताही तपासता येते. तिच्या तीन वायरी (बऱ्याच गाड्यांत पिवळ्या) कपलरमधून सोडवा. दोन-दोनमध्ये साधारण एक ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्यांत सारखंच यायला हवं. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा. एकाही वायरीचा बॉडीशी संबंध लागता कामा नये. मेकॅनिकला हे समोर करून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर दुसरा गाठा.

हेडलाइट बॅटरीऐवजी थेट कॉइलच्या एसी करंटवर चालणारी जुनी गाडी असेल तर आयडलला दिवा मंद होणं हा फॉल्ट नाही, तो तसाच असतो. 1 एप्रिल 2017 नंतरच्या गाडीत हेडलाइट बंदच करता येत नाही, त्यामुळे सिग्नलला रेंगाळत छोट्या फेऱ्या मारल्या तर धडधाकट गाडीचीही बॅटरी उतरू शकते. मीटर अँपिअरवर ठेवून सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आणि चालू गाडीत बॅटरीचं टोक काढून "चार्जिंग बघणारे" उस्ताद अजून आहेत. फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर त्यांना हातही लावू देऊ नका, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायर सोलायची नाही.

बॅटरीवाल्याशी भांडायलाही लगेच जाऊ नका. आधी ती चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि मगच वरचे आकडे बघा. अर्धवट उतरलेली तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं, आणि मग ती खरंच जाते.