आरसी रणगाड्याचे स्क्रू सारखे ढिले होतात, लाल लॉकटाइट लावू का?

नका लावू. लॉकटाइट म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं गोंदासारखं द्रव, आणि त्यातलं लाल सर्वात पक्कं धरतं. लाल कुठेच नको, आणि प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्या स्क्रूला निळंसुद्धा नको.

तुम्ही लिहिलंय की हेंग लाँग कंपनीचा १/१६ मापाचा टायगर रणगाडा आहे, धातूचे पट्टे घातल्यापासून दर दोन-तीन फेऱ्यांनी पुढचं दातेरी चाक हलायला लागतं, आणि ज्याला विचारावं तो "लाल लावा आणि विसरा" म्हणतो. विसरता येत नाही हो. असाच एक टायगर दुरुस्तीला माझ्या टेबलावर आला होता. दातेरी चाकाच्या स्क्रूचं डोकं फिरून गुळगुळीत झालेलं, आणि लाल द्रव ओघळून रणगाड्याच्या सांगाड्याच्या एबीएस प्लॅस्टिकला लागलं तिथे स्क्रूच्या बुडख्याभोवती केसासारख्या भेगा. आवळलेल्या स्क्रूमुळे त्या प्लॅस्टिकवर आधीच ताण असतो. त्यात हे द्रव लागलं की ते तडकतं, कधी तासाभरात, कधी दुसऱ्या दिवशी. लाल सोडवायला स्क्रू साधारण २५० अंशांपर्यंत तापवावा लागतो, एबीएस १०० च्या आसपासच मऊ पडतं. आता करा विचार.

खरी भानगड गोंदाची नाहीच. रणगाडा वळतो तो एक पट्टा थांबवून किंवा उलटा फिरवून. म्हणजे प्रत्येक वळणाला दातेरी चाकावरचा जोर उलटतो. आसाच्या सपाट बाजूत थोडी जरी ढिलाई असली तर चाक पुढे-मागे डुलतं आणि दर वेळी स्क्रूच्या डोक्याला जरासं ओढत नेतं. जड पट्टे घातले की हे वाढणारच. स्प्रिंग वायसरने हे थांबत नाही. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्येच दाखवून दिलं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः आडव्या हालचालीने, आणि स्प्रिंग वायसर तशा हालचालीपुढे फारसा टिकत नाही.

तेव्हा आधी चाक काढा आणि आसाचं टोक बघा. चाक बसवल्यावर टोक चाकाच्या बाहेरच्या पृष्ठापासून ०.३ ते ०.५ मिमी आत राहायला हवं. ते बरोबरीला किंवा बाहेर आलं असेल तर स्क्रूचं डोकं आसावर टेकतं आणि चाक दाबलंच जात नाही. हाताला मात्र घट्ट आवळल्यासारखं वाटतं. "आणखी आवळ" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. आणखी आवळून आटे जातात, चाक तसंच सैल. अशा वेळी आसाच्या जाडीपेक्षा मोठ्या भोकाचा वायसर घाला, म्हणजे दाब चाकावर येईल. स्क्रू लांब असून भोकाच्या तळाला टेकत असेल तरी लक्षण हेच. चाक न लावता स्क्रू पूर्ण आत फिरवा, डोकं आणि आसाचं टोक यांत जी फट उरते ती, चाक बसवल्यावर टोक जेवढं आत राहतं त्यापेक्षा कमी हवी. नसेल तर स्क्रू कापा. आसावर चाक डुलत असेल तर कोल्ड्रिंकच्या कॅनची पट्टी (साधारण ०.१ मिमी) सपाट बाजूवर ठेवून चाक दाबून बसवा.

एवढं झालं की मगच द्रव. एम३ (३ मिमी जाडीच्या) आणि त्याहून लहान स्क्रूला लॉकटाइट २२२, ते जांभळं. निळं २४३ मोठ्या बोल्टसाठी ठीक, बारीक ॲलन स्क्रूच्या (षटकोनी खाचेच्या) डोक्यात मात्र सोडवताना खाच जाते. आटे आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. भोक बंद असेल तर थेंब भोकात टाका. स्क्रूवर लावलात तर कोंडलेली हवा द्रव बाहेर ढकलते. २४ तास गाडी चालवू नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या किंवा स्टेनलेस स्क्रूवर ते सावकाश धरतं, तिथे घाई करू नका.

खालची सुटी चाकं वेगळी. ती स्क्रूवर फिरतात आणि डोक्याला स्वतःच्या दिशेने ओढतात. पुढे जाताना डाव्या बाजूचे स्क्रू सुटायच्या दिशेला ओढले जातात, उजव्या बाजूचे आवळायच्या. तपासणी डावीकडून सुरू करा.

प्लॅस्टिकमधल्या स्वतः आटे पाडणाऱ्या स्क्रूला फेव्हिकॉलचा एक थेंब किंवा टेफ्लॉन टेपचा एकच वेढा पुरतो. नेलपॉलिशचा सल्ला मिळेल, त्यातलं सॉल्व्हंट एबीएस विरघळवतं. परत घालताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात टिचकन बसला की मग आवळा. असं केलं नाही तर दर वेळी नवे आटे पडतात आणि पाच-सहा वेळांत भोक संपतं. संपलंच असेल तर एम३ चा पितळी इन्सर्ट (आत आटे असलेली छोटी नळी) सोल्डरिंग आयर्नने तापवून बसवा.

एक राहिलं: वरचं सगळं धातूच्या गिअरबॉक्ससाठी. तुमचा अजून प्लॅस्टिकचा असेल तर तिथे जांभळंही नको, आणि धातूच्या पट्ट्यांखाली तो फार दिवस टिकणारही नाही, आधी तोच बदला. टामिया या मॉडेल कंपनीचे जपानी स्क्रू असतील तर जेआयएसचा (जपानी मानकाचा) स्क्रूड्रायव्हर घ्या, साध्या फिलिप्सने खाच खराब होते. किती दिवसांनी आवळायचं ते विचारलंत. स्क्रूच्या डोक्यावरून चाकावर जाणारी पांढरी रेघ पेंट मार्करने ओढा. रेघ तुटलेली दिसली की आवळा, तोवर हात लावू नका.