आबांच्या मशीनजवळचा दादा

"सर, मी अमळनेर तालुक्यात दहावीला आहे. आमच्या आबांचं आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस असतं. सुट्टी असली की सोबत मी जातो. तिथे मशीन लावणारा एक दादा आहे. डॉक्टर राऊंड घेऊन जातात, पण चारही तास तो तिथेच असतो. आबा तर त्यालाच डॉक्टर म्हणतात. मी विचारलं तर म्हणाला, मी टेक्निशियन. मला त्याचं काम आवडलं. घरी सांगितलं तर अप्पा भडकले, 'कंपाउंडर व्हवाले शिकाडी राहिनू का तुले?' त्यांना मला नीटच्या क्लासला लातूरला पाठवायचंय. ताई बारावी सायन्सला आहे, तिचंही काही ठरत नाही. त्या दादासारखं व्हायला काय करावं लागतं? आणि त्यात खरंच काही नाही का?"

प्रिय मित्रा,

अप्पांच्या 'कंपाउंडर'पासूनच सुरुवात करू. मी लहान असताना डॉक्टर चिठ्ठी लिहायचे आणि कंपाउंडर आतल्या खोलीत औषध मिसळून बाटलीत भरायचा. डोस कळावा म्हणून बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची. कंपाउंड म्हणजे मिश्रण, ते करणारा तो कंपाउंडर. त्या काळी दवाखान्यात डॉक्टर, कंपाउंडर आणि फार तर एक नर्सबाई एवढीच माणसं दिसायची. अप्पांच्या डोळ्यांसमोर तो दवाखाना आहे. तू बघतोस तो वेगळा आहे.

त्या दादाकडे तू चार तास बघतोस म्हणतोस. तर काय बघायचं ते सांगतो. आबा आले की तो आधी त्यांचं वजन करतो. मागच्या वेळी मशीनवरून उतरतानाचं वजन आणि आजचं वजन यातला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी. आज किती पाणी काढायचं हे त्यावरून ठरतं. आबांनी परवा लग्नाच्या पंगतीत दोन ग्लास मठ्ठा जास्त घेतला असेल, तर काटा ते सांगतो आणि दादा रागावतो. मग तो हातावरच्या फुगलेल्या शिरेवर बोटं ठेवतो. ती फिस्टुला. ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडलेली असते. मांजर गुरगुरताना तिच्या अंगाला हात लावावा तशी थरथर तिथे लागते. थरथर लागली नाही, तर सुई टोचायच्या आधीच डॉक्टरांना बोलवावं लागतं. पुढे दोन सुया, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन, आणि थोड्या थोड्या वेळाने बीपी. बीपी घसरलं, पायात गोळे आले, की पाय वर घेऊन सलाईन सोडणारा हात त्याचाच.

आणि पाणी. रक्तातली घाण ओढून घेणारा, पाण्यापासून बनवलेला द्रव मशीनमधून मिनिटाला साधारण अर्धा लिटर वाहतो, म्हणजे चार तासांत एकट्या आबांसाठी १२० लिटर. आबांचं रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. त्यामुळे ते आरओतून किती शुद्ध होऊन आलंय, त्यात क्लोरीन राहिलाय का, याची तपासणी पहिला पेशंट यायच्या आधी करावी लागते. नळाला किती दिवसांनी पाणी येतं याचा हिशोब ठेवणाऱ्या गावातल्या पोराला १२० लिटरचं मोल मी काय सांगू!

यात काही नाही का, असं विचारलंस. आता तूच सांग.

या कामाला डायलिसिस टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा किंवा बी.एस्सी. लागते, दोन्ही बारावी सायन्सनंतर. अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घे. गणित जमत असेल तर सोडू नकोस. एक्स-रे, रेडिओथेरपीकडे वळलास तर त्याची सवय उपयोगी पडेल. एक गोष्ट मात्र पाठ करून ठेव. २०२१ मध्ये संसदेने या सगळ्या कामांसाठी वेगळा कायदा केला. त्यात लॅब, रेडिओलॉजी, फिजिओथेरपी, डोळे, आहारशास्त्र असे दहा गट आहेत आणि डायलिसिसही आहे. त्या कायद्याप्रमाणे 'अलाइड हेल्थ प्रोफेशनल' म्हणवून घ्यायचं तर किमान दोन वर्षांचा आणि २००० तासांचा अभ्यासक्रम लागतो. म्हणजे 'सहा महिन्यांत टेक्निशियन, शंभर टक्के नोकरी' असा फ्लेक्स बसस्टँडजवळ दिसला, तर त्याला वरून खाली वाच आणि पुढे चालू लाग.

हे मी उगाच सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलाने मला असाच एक ब्रोशर दाखवला होता. फोटोत मायक्रोस्कोप होते, भिंतीवर प्रमाणपत्रं होती, आणि मी "चांगलं दिसतंय" म्हणालो. संस्था म्हणजे मोबाईलच्या दुकानावरच्या दोन खोल्या निघाल्या. हॉस्पिटल नाही, पेशंट नाही. दोन वर्षांनी हातात आलेल्या कागदावर कुठेच नोंदणी होईना. त्या मुलाने पुन्हा पहिल्यापासून प्रवेश घेतला. तेव्हापासून मी एकच प्रश्न आधी विचारतो: पोरं प्रॅक्टिकलला कोणत्या हॉस्पिटलला जातात, आणि तिथे रोज पेशंट किती? त्यानंतर परीक्षा कोण घेतं, विद्यापीठ की ती संस्था स्वतः, आणि महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते का. कॉलेजची इमारत शेवटी बघावी.

आपल्याकडे आता बघायला जागा आहेत. धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज जुनंच, जळगावचं २०१८ ला सुरू झालं, नंदुरबारचं त्यानंतर दोन वर्षांनी. अशा मोठ्या हॉस्पिटलला जोडलेल्या अभ्यासक्रमांची चौकशी आधी कर. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी) हा पदवी अभ्यासक्रम तीन वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप असा असतो. त्यात लॅब, रेडिओग्राफी, ऑपरेशन थिएटर अशा शाखा आहेत.

तू दहावीला आहेस, म्हणून घाईने 'डायलिसिसच' असं ठरवू नकोस. आवडलेलं काम पहिलंच बघितलेलं असतं, एवढाच धोका. नंदुरबारकडे बघ. भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, मोठ्या प्रमाणात आहे. २०२३ च्या जुलैत त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिचं लक्ष्य २०४७ आहे, आणि ४० वर्षांच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. ही तपासणी करतं कोण? लॅब टेक्निशियन. पहिली चाचणी इतकी साधी की तुझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत शोभावी: रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा, नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. नळी गढूळ झाली आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलचा संशय, मग पुढची पक्की तपासणी. आश्रमशाळेच्या ओट्यावर बसून दिवसभर हे करायला शांत डोकं लागतं, कारण नळ्यांची अदलाबदल झाली तर एखाद्या पोरीच्या लग्नापर्यंत ती चूक जाते.

एक्स-रेच्या खोलीतला माणूस वेगळा. कंबर मोडलेल्या आजीला न दुखवता योग्य कोनात वळवणं हे अर्धं काम, आणि छातीवर लावलेला बॅज त्याला स्वतःला किती किरणं लागली ते मोजत असतो. फिजिओथेरपी ही वेगळी पदवी, आपल्याकडे तिचे प्रवेश नीटच्या गुणांवर होत आलेत. म्हणजे अप्पांचा क्लासचा हट्ट अगदीच वाया जाणार नाही. लकवा झालेल्या माणसाला पुन्हा पायरी चढायला शिकवायची चिकाटी असेल तर तिकडे बघ. ऐकू न येणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलांसोबतचं कामही आहे. त्यासाठी मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. खान्देशातून फार कमी मुलं तिकडे जातात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

ताईसाठी दोन ओळी. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते, ती चुकवू नको म्हणावं. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर २०२४-२५ पासून केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर तहसीलची रांग कापूस खरेदीच्या रांगेसारखी असते.

आता अप्पांना जे ऐकायचंय तेही लिहितो. सुरुवातीचा पगार कमी असतो. गावातल्या खासगी लॅब 'ट्रेनी' म्हणून महिनोन्महिने राबवतात. सरकारी भरती होते (प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी, क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी अशी पदांची नावं असतात), पण ती दरवर्षी नियमाने निघत नाही, आणि कंत्राटी जागांवर माणसं वर्षानुवर्षं अडकतात. रात्रपाळी आहे. सुई टोचायची भीती आहे, म्हणून हिपॅटायटिस बीची लस घ्यावी लागते. हे सगळं ऐकूनही हे काम आवडत असेल तर अप्पांशी बोलायला अर्थ आहे. फक्त डॉक्टर होता येत नाही म्हणून टेक्निशियन, असं म्हणत गेलास तर ते बरोबर आहेत.

मी पूर्वी शाळांत जाऊन पडद्यावर तीस-चाळीस कोर्सेसची यादी दाखवायचो. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि पुढच्या वर्षी कुणालाच काही आठवत नसायचं. मग एका शाळेच्या नववीच्या वर्गाला परवानगी काढून एका हॉस्पिटलमध्ये तीन तास नेलं. एक मुलगा लॅबच्या दारातच चक्कर येऊन बसला. दोघी फार्मसीच्या खिडकीतून हलायलाच तयार नव्हत्या. यादीपेक्षा त्या तीन तासांत जास्त कळलं, त्यांना आणि मलाही. तुला तर ती खोली दर आठवड्याला मिळते.

म्हणून पुढच्या वेळी सोबत अप्पांनाही ने. आबांना न्यायला दोघं लागतात, असं काहीतरी सांग. त्या दादाला तो कुठे शिकला, नोंदणी कुठे केली आणि पहिल्या वर्षी हातात किती पडत होते, हे अप्पांनाच विचारू दे. फक्त पहिल्या अर्ध्या तासात नको. तेव्हा सगळे पेशंट एकदम मशीनवर चढत असतात आणि त्याला मान वर करायला फुरसत नसते. दुसऱ्या तासाला आबांचा डोळा लागला की विचारा.