लिटल टोकियोसाठी चिन्ह काढताना

लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोचं, म्हणजे तिथल्या जुन्या जपानी वस्तीचं, चिन्ह काढायचं काम घेतलंस, छान. पण ब्रशने ओढल्यासारखी ती टोकदार इंग्रजी अक्षरं आधी बाजूला ठेव. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानविरोधी पोस्टरांवर तशीच अक्षरं असायची. ती अजून बोचतात.

त्यापेक्षा वस्तीतल्या फर्स्ट स्ट्रीटच्या फुटपाथवर खाली बघत चाल. ग्राफिक डिझायनर शीला द ब्रेटव्हिल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथल्या जुन्या दुकानांचा इतिहास काँक्रीटमध्येच उतरवलाय. ओळख अशी जागेतून काढायची असते. १९४२ मध्ये इथल्या जपानी कुटुंबांना छावण्यांत डांबलं, मग कृष्णवर्णीय कुटुंबं आली आणि वस्तीला ब्रॉन्झव्हिल म्हणू लागले. तेही तुझ्या कामात दिसू दे.

आणि हो, जपानी मजकूर जाणकाराला दाखवच. फाँट चुकला की कांजीची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या मूळ चिनी अक्षरांची, चिनी रूपं सहज घुसतात.