वाचकांचे प्रश्न : खाडीसाठी आणि धरणासाठी एकच शिडाची होडी

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. घरी आम्ही दोघे आणि बारा वर्षांची मुलगी. गायमुखच्या खाडीत, उल्हास नदीच्या शांत पात्रात आणि सुट्टीत पवना धरणासारख्या मोठ्या जलाशयावरही नेता येईल अशी एकच छोटी शिडाची होडी घेण्याचा विचार आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी लेझर सुचवली आहे. ती योग्य ठरेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : लेझर ही होडी उत्तम असली, तरी ती आपल्यासाठी नव्हे. सव्वाचार मीटर लांबीची आणि साधारण ५९ किलो वजनाची ही होडी एकट्याने, शर्यतीच्या जोमाने चालवायची असते. तिघांना तीत धड बसताही येणार नाही. शिवाय होडीला आडवे सरकू न देणारी पाण्याखालची फळी तीत वरून खाली सरळ खोचलेली असते, त्यामुळे ती चिखलात वा खडकावर आपटली की होडी जागीच अडते. खाडीत हे वारंवार घडेल. उधाणाला येथील भरतीची पातळी साडेचार मीटरच्याही वर जाते आणि ओहोटीला त्याच जागी चिखलाचे पट्टे उघडे पडतात. म्हणून बिजागरीवर फिरणारी, तळ लागताच आपोआप मागे उचलली जाणारी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, आणि तसेच वर उचलता येणारे सुकाणू ही माझ्या मते पहिली अट आहे.

दुसरी अट शिडाची. लाटेची उंची वाऱ्याच्या वेगावर जशी अवलंबून असते, तशीच तो किती लांबवर मोकळ्या पाण्यावरून वाहत आला यावरही असते. त्यामुळे ज्या वाऱ्यात नदी जेमतेम शहारते, त्याच वाऱ्यात जलाशयावर आखूड, उभ्या लाटा होडीत पाणी फेकू लागतात. पवनेच्या भोवती लोहगड, तुंग, तिकोना असे डोंगर असल्याने झोतही एकसारखे येत नाहीत. नदीत याच्या उलट अडचण असते : काठच्या झाडीमुळे खालचा वारा मरतो आणि शीड उंच असेल तरच होडी हलते. तेव्हा मोठे शीड घ्यावे, पण त्याला निदान दोन रीफ (शीड खालून गुंडाळून लहान करण्याच्या ओळी) असावेत, म्हणजे पाण्यावर असतानाच ते टप्प्याटप्प्याने आखडता येईल. केवळ ‘रीफची सोय आहे’ या विक्रेत्याच्या शब्दावर न थांबता दोरी कोठून ओढायची ते स्वतः करून पाहावे.

या कसोट्यांना वेफेरर उतरते. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ साली आरेखन केलेली ही सोळा फुटी होडी तिघांना ऐसपैस होते, आणि याच जातीच्या उघड्या होडीतून फ्रँक डाय १९६३ मध्ये स्कॉटलंडहून आइसलंडला गेले होते (अर्थात त्यांचे अनुकरण करण्याचे कारण नाही). उणीव वजनाची : नुसते कवच १६९ किलोचे असल्याने ट्रेलर आणि धक्क्याचा उतार लागतोच. तेवढे जमणार नसेल, तर चार मीटरची एंटरप्राइज हलकी आहे. मात्र ती वाऱ्यात चटकन कलंडते, म्हणून मुलीला बरोबर घेण्याआधी आपण दोघांनी तिच्यावर हात बसवावा.

काशेळीच्या पुलाखालून जाण्याचा विचार असेल, तर डोलकाठी बसल्या जागी खाली घेता येते का तेही पाहावे. ॲल्युमिनियमची डोलकाठी विजेच्या तारांजवळ नेऊ नये. धक्क्यावर ती उभी करताना वर पाहण्याची सवयच लावावी.

जुनी होडी घेत असाल, तर पैसे देण्यापूर्वी ती जलाशयाच्या काठाजवळ, डोलकाठीच्या उंचीहून खोल पाण्यात, तरंगण्याची जाकिटे घालून मुद्दाम उलटवून पाहावी. उथळ खाडीत हे करू नये, कारण डोलकाठीचे टोक चिखलात रुतले तर होडी सुलटी करणे कठीण होऊन बसते. दोघांपैकी एकाने सेंटरबोर्डवर उभे राहून ती सुलटी करावी आणि आत किती पाणी उरते ते पाहावे. ते बादलीने उपसण्याइतपत असेल आणि होडीची कड पाण्याच्या बरीच वर राहत असेल, तर होडीला तरंगती ठेवणाऱ्या हवेच्या बंद पेट्या शाबूत आहेत असे समजावे. त्या गळत असतील, तर किंमत कितीही उतरवली तरी व्यवहार करू नये.

ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यानच्या खाडीचा पश्चिमेकडील भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तेथे वनविभागाच्या आणि धरणावर जलसंपदा विभागाच्या परवानगीची चौकशी होडी घेण्याआधीच करावी.