‘पाच वर्षांपासून शिकतोय’ इंग्रजीत कसं म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: भाच्याला मुलाखतीत छंद विचारला. तो म्हणाला, ‘आय ॲम लर्निंग हार्मोनियम सिन्स फाइव्ह इयर्स.’ समोरच्या बाईंनी वाक्य चूक ठरवलं. ‘शिकतोय’ म्हणजे ‘ॲम लर्निंग’च ना, मग चुकलं कुठे?

भाच्याचं मराठी पक्कं आहे, त्या मराठीनेच हा घोळ केला. आत्ता पेटीपुढे बसलेला माणूस ‘शिकतोय’ म्हणतो आणि २०१९ पासून क्लासला जाणाराही ‘शिकतोय’च म्हणतो. कधीपासून ते सांगायचं काम आपण ‘पासून’वर सोपवतो, क्रियापदाला हात लावत नाही. इंग्रजीत मागे सुरू झालेलं काम अजून चालू असेल तर क्रियापदच बदलावं लागतं: ‘आय हॅव बीन लर्निंग’. जर्मनची तऱ्हा मात्र आपल्यासारखी. ‘इश लेर्न झाइट फ्युन्फ यारन डॉइच’, म्हणजे शब्दशः ‘मी पाच वर्षांपासून जर्मन शिकतो’. साधा वर्तमानकाळ, काम झालं. तेव्हा या बाबतीत विक्षिप्तपणा इंग्रजीचा आहे, भाच्याने मनाला लावून घेऊ नये.

दुसरी अडचण ‘सिन्स’ची. ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ दोन्हीकडे आपला ‘पासून’ तोच. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’, दुसऱ्याला ‘फॉर’. यावर मी मुलांना एक युक्ती सांगतो: ‘पासून’ गाळून बघा. ‘गेली पाच वर्षं शिकतोय’ चालतं, म्हणून ‘फॉर’. ‘२०१९ शिकतोय’ ऐकायलाच विचित्र वाटतं, म्हणून ‘सिन्स’.

आणि ‘आय लर्न्ट हार्मोनियम फॉर फाइव्ह इयर्स’ म्हटलं, तर? व्याकरण बरोबर, पण पेटी माळ्यावर गेली. ‘पाच वर्षं शिकलो’ म्हटल्यावर मराठीतही तेच ऐकू येतं.

काळाची मोजणी नसेल तर आपला मराठी कान उलट मदतच करतो. ‘मी कॅरम खेळतो’ हा छंद, ‘आय प्ले कॅरम’. ‘कॅरम खेळतोय, नंतर फोन करतो’ हे या घटकेचं, ‘आय ॲम प्लेइंग’. तरी छंद विचारला की आपल्या तोंडून ‘आय ॲम प्लेइंग’ का निघतं, कोण जाणे. बहुधा ‘ॲम’ घातला की वाक्य जरा भारदस्त वाटतं. मी स्वतः कॉलेजात ‘आय ॲम हॅविंग टू हॉबीज’ असं ऐटीत सांगायचो.

हे ‘सांगायचो’सुद्धा कामाचं आहे. ‘लहानपणी विटीदांडू खेळायचो’ याला इंग्रजीत ‘यूज्ड टु प्ले’ नेमकं बसतं. पण ‘रोज खेळतो’साठी ‘आय यूज टु प्ले’ म्हणू नका, ते रूप फक्त मोडलेल्या सवयींचं.

आता ‘-आयला’. ‘मला पोहायला आवडतं’ यातला ‘पोहायला’ आपण डोळे मिटून ‘टु स्विम’ करतो. ‘लाइक’पुढे ते खपतं. ‘एन्जॉय’पुढे खपत नाही, तिथे ‘स्विमिंग’च हवं, ‘फॉन्ड ऑफ’ आणि ‘इंटरेस्टेड इन’ यांच्यापुढेही ‘-इंग’च. याला ‘का’ विचारू नये, एकेक शब्द पाठ करावा. ‘स्टॉप’च्या बाबतीत मात्र मराठी अगदी जोडीने चालते. ‘ती गायला थांबली’ म्हणजे गाण्यासाठी थांबली, ‘स्टॉप्ड टु सिंग’. ‘ती गायची थांबली’ म्हणजे गाणं बंद, ‘स्टॉप्ड सिंगिंग’. ‘ला’ आणि ‘ची’ एवढाच फरक, आणि तो आपल्याला कुणी शिकवावा लागला नाही.

तर भाच्याचं वाक्य असं: ‘आय हॅव बीन लर्निंग द हार्मोनियम फॉर फाइव्ह इयर्स.’ वाद्यापुढचा ‘द’ गाळणारेही बरेच आहेत, त्यावरून भांडू नये. खेळापुढे मात्र तो नकोच. ‘प्ले द कॅरम’ नाही, नुसतं ‘प्ले कॅरम’.